चौथी वही

२००४ सालचा दसरा शुक्रवारी झाला. सोमवारी सकाळी मुठा गावातल्या आपल्या घरी शरदचंद्र रायरीकरांनी पत्र्याची पेटी उघडली. आत सात वह्या असायला हव्या होत्या. सहाच निघाल्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. मग जुईलीला मोजायला लावल्या. जुईली पुण्याची, त्यांच्या नाटकांवर पीएच.डी. करत होती आणि आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे यायची. तिनं मोजल्या तरी सहाच भरल्या. चौथी नव्हती.

दुपारी मेधा ढमाले आल्या. पिरंगुटला हार्डवेअरच्या दुकानावर त्यांची खोली होती. दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं आणि जमिनीच्या हरवलेल्या वारसांचं. गाडी दादासाहेब मारण्यांची होती आणि चालवतही तेच होते. निवृत्त ग्रामसेवक. बायको तुळजाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. घरात बसवत नाही म्हणून ते मेधाताईंबरोबर फिरायचे.

वाटेत ते आपल्या मुलाबद्दल बोलत होते.

"दसऱ्याला पोरानं ट्रॅक्टरला हार घातला. मी म्हणलं, कोपऱ्यात मळणी मशीन हाय, तिलाबी वहा दोन फुलं. तर म्हणतो, ती बंद हाय. जे चालत न्हाई त्याची कसली पूजा?"

"बरोबरच आहे त्याचं."

"बरोबर हाय, पण मला लागलं. मीबी बंदच हाय."

"तुम्ही गाडी चालवताय, दादासाहेब. समोर बघा."

रायरीकर ओसरीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. गावाच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होते आणि त्याच काळात राज्यभर गाजलेली नाटकं त्यांनी लिहिली. त्यांच्या मागे भिंतीवर लग्नाचा फोटो होता. खाली पांढऱ्या अक्षरांत तारीख : २ मे १९६४. फोटोतल्या सगुणाबाई गेल्याला चौदा महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं.

"काय गेलंय ते नीट सांगा," मेधाताई म्हणाल्या.

"'सांडशी' या नाटकाचा खर्डा."

"नाटक छापलंय ना?" दादासाहेबांनी विचारलं. "मग खर्ड्याचं एवढं काय?"

मास्तर त्यांच्याकडे वळले.

"त्या नाटकाबद्दल मी चौतीस वर्षं एक खोटं सांगत आलोय. येत्या रविवारी पुण्यात माझा सत्कार आहे. समग्र नाटकांचं पुस्तक निघतंय. तिथं ते खोटं मला परत घ्यायचंय. वही हातात असली तर लोकांना दाखवता येईल. नसली तर म्हणतील, बायको गेली आणि म्हातारा हळवा झाला."

"खोटं कसलं?"

"वही मिळाल्यावर सांगेन. आत्ता बोलायला बसलो तर नीट बोलता येणार नाही."

मेधाताईंनी आग्रह केला नाही. "आणखी काही गेलंय?"

"काही नाही. एक जुनं शाईचं पेन दिसत नाही. ते कुठंतरी पडलं असेल. वापरत नव्हतोच."

"पेटीला कुलूप?"

"कधीच नव्हतं."

पेटी आतल्या खोलीत खिडकीखाली होती. मेधाताईंनी सहा वह्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. सगळ्या एकसारख्या, जाड पुठ्ठ्याच्या. पहिल्या तीन, मग एक जागा मोकळी, मग पुढच्या तीन.

"मागच्या तीन वह्यांच्या कव्हरांवर तांबडे डाग पडलेत," दादासाहेब म्हणाले.

"पेटी गंजलीये," जुईली म्हणाली. "मी सरांना किती वेळा सांगितलं, कपाटात ठेवा."

मेधाताईंनी पहिली वही उचलली. "ही किती सालची?"

"१९५५. 'दुर्गस्वामी'. मग ५९, मग ६३. तिन्ही ऐतिहासिक. पल्लेदार भाषणं. एकेक स्वगत चार-चार पानांचं."

"पन्नास वर्षं पेटीत आहे आणि हिला गंज लागला नाही?"

जुईलीनं वाकून पाहिलं. पहिल्या तीन कव्हरांवर डाग नव्हता. मागच्या तिन्हींवर होते, आणि ते सगळे वरच्या उजव्या कोपऱ्यात. एकाखाली एक, बोटाएवढे. पाचव्या वहीवर चार, सहावीवर पाच, सातवीवर पाच.

"त्यानंतरची नाटकं सांग," मेधाताई म्हणाल्या.

"'सांडशी' डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आलं. त्याआधी सात वर्षं सरांनी काहीच लिहिलं नाही. समीक्षक त्याला मौनाची वर्षं म्हणतात. मग सर सरकारी विश्रामगृहात गेले आणि अकरा दिवसांत 'सांडशी' लिहून बाहेर पडले. सगळं बदललेलं. राजे नाहीत, भाषणं नाहीत. एक स्वयंपाकघर, दोन माणसं, लहान लहान वाक्यं. नंतरची तीन त्याच वाटेनं. ७५, ८०, ८५, प्रत्येक वेळी जानेवारीत. शेवटच्यात तर पात्रं जवळजवळ बोलतच नाहीत. ८५ नंतर काही नाही."

"हा बदल कशामुळे झाला?"

"माझा प्रबंध त्यावरच आहे. शैलेश गोऱ्ह्यांमुळे. 'सांडशी' त्यांनी बसवलं. तालमीत त्यांनी लांब भाषणं काढून टाकली आणि सरांना नवी दिशा मिळाली. असं त्यांच्या आत्मचरित्रात आहे."

"आणि चौथ्या वहीत वेगळंच निघालं तर?"

जुईलीनं चष्मा काढून पुसला. "तर माझी दोन वर्षं गेली. म्हणून मी घेतली असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी अजून काहीच म्हणत नाही. वही शेवटची कधी पाहिलीस?"

"बुधवारी. पेटीत होती. उघडायला सर देत नव्हते. त्या दिवशीच आमचं ठरलं की सत्कार झाला की सगळ्या वह्या पुण्याच्या संग्रहालयात जाणार. मी मोठ्यानं यादी वाचली. सर होते, गोजराबाई चहा घेऊन आली होती."

गोजराबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ताटात दुधी चिरत होती. साठीची बाई. बत्तीस वर्षं या घरात कामाला. हातात सुरी होती आणि बोटाला चिंधी बांधलेली.

"सुरीची सवय दिसत नाही, मावशी," मेधाताई म्हणाल्या.

"विळीची धार गेली. लावाया दिलीया."

"कुठं?"

"पौडाला."

"बाईंची विळी होती?"

"त्यांच्या म्हायेरची. भरे गावची. लग्नात आणलीवती. शेतकऱ्याची लेक, भांडी न्हाई आणली, विळी आणली." तिनं दुधीचा तुकडा उगाचच दोनदा कापला. "गुडघं गेल्यावर त्यास्नी बसवंना, तवा हा वटा बांधला. मंग विळी माझ्याकडं आली. मला न्हाई बाई उभ्यानं जमत."

"पेटीला कोण हात लावतं?"

"मी फडकं मारते, मला कुटं वाचाया येतंय. ही पोरगी वह्या काढती. मास्तर नुसतं बघत बसत्यात."

"दसऱ्याला कोण आलं होतं?"

"ते नाटकवालं. सोनं द्याया. मास्तर झोपलंवतं, म्हून आतल्या खोलीत बसलं. मी च्या दिला. दसरा कसला, गेल्या वर्साला सुतक, आन औंदाबी मास्तर म्हणलं, काय करू नको." तिनं ताट उचललं. "बाई असत्या तर बोलल्या असत्या त्यास्नी."

"काय बोलल्या असत्या?"

"त्ये त्यांचं त्यास्नी ठावं," गोजराबाई म्हणाली आणि पाठ फिरवून फोडणी टाकायला उठली.

शैलेश गोऱ्हे नदीकाठच्या आपल्या बंगल्यात होते. सहासष्ट वर्षांचे, आवाज अजून शेवटच्या रांगेत पोचेल असा.

"या, या. मीच पहिला संशयित असणार. आवडेल मला. आयुष्यभर दुसऱ्यांना खलनायक केलं."

"दसऱ्याला तुम्ही पेटीजवळ बसला होता."

"वीस मिनिटं. मास्तर घोरत होता. आपट्याची पानं ठेवली आणि निघालो. वही घेऊन मी काय करू? मला एकोणचाळीस पानी करार वाचवत नाही."

"तुमच्या पुस्तकात आहे की 'सांडशी'ची चाळीस पानं तुम्ही कापली."

"कापलीच. पहिल्या तालमीला संहिता माझ्या हातात आली, ती मी रात्रभर डोक्याशी घेऊन झोपलो होतो. अजून आठवतं."

"किती पानांची होती?"

"साठ. बासष्ट असेल. टंकलेखन माझ्याच मामानं केलं होतं, पानामागे आठ आणे घेतले."

मेधाताईंनी त्यांच्या फडताळातून 'सांडशी'चं छापील पुस्तक काढलं, शेवटचं पान बघितलं आणि परत ठेवलं. एकसष्ट.

गाडीत बसल्यावर दादासाहेब म्हणाले, "हाच हाय. लई बोलतो."

"लई बोलतो म्हणून चोर?"

"वही सापडली तर ह्याचं चाळीस पानांचं पितळ उघडं पडंल. साधी गोष्ट हाय."

"साधी आहे. पण मग पेन कशाला नेलं?"

"पेन पडलं असंल. मास्तरच म्हणलं."

"आणि विळी?"

"ती पौडाला हाय की धार लावाया."

"पौडचा धारवाला दिवाळीपर्यंत गावी गेलाय. मीच परवा कोयता तसाच परत आणला." मेधाताईंनी खिडकीची काच खाली केली. "दादासाहेब, एका घरातून एकाच वेळी तीन वस्तू जातात. वही, पेन आणि विळी. या तीन एकत्र कधी ठेवतात?"

दादासाहेबांनी पौड रस्ता येईपर्यंत विचार केला. "कधीच न्हाई," ते म्हणाले.

मंगळवारी दुपारी मेधाताईंनी सगळ्यांना मास्तरांच्या ओसरीत बसवलं. मास्तर खुर्चीत, शैलेशराव झोपाळ्यावर, जुईली पायरीवर. गोजराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सहा वह्या मध्ये सतरंजीवर होत्या.

"ज्याला वाचता येतं त्याच्या दृष्टीनं ही चोरी विचित्र आहे," मेधाताईंनी सुरुवात केली. "जुईलीला वहीतला मजकूर नको होता असं धरू. तर ती वही नेईल, विळी नेणार नाही. शैलेशराव तुम्ही—"

"मीही स्वयंपाक करत नाही."

"तुम्ही नेली असती तर आधी तुम्हाला माहीत असायला हवं होतं की तुम्ही खोटं लिहिलंय. ते तुम्हाला माहीतच नाही. तुम्हाला मिळालेली संहिता साठ पानांची, छापलेलं नाटक एकसष्ट पानांचं. चाळीस पानं कापली कुठून?"

झोपाळा थांबला.

"इतकी वर्षं सांगता सांगता तुम्हाला ते खरं वाटायला लागलं," मेधाताई मऊपणे म्हणाल्या. "घाबरलेला माणूस पानांचा आकडा असा सहज सांगत नाही. म्हणजे भाषणं तुमच्याकडे येण्याआधीच गेली होती. ती कोणी काढली, आणि कधी?"

त्यांनी पाचवी वही उचलली.

"हे डाग गंजाचे नाहीत. गंज असा ओळीत लागत नाही, आणि जुन्या वह्या सोडून नव्यांना धरत नाही. हे कुंकू आहे. वर्षातून एकदा, एक बोट. दादासाहेब, तुमच्या मुलानं बंद मशीनला फुलं का वाहिली नाहीत?"

"चालत न्हाई म्हून." दादासाहेब सावकाश पुढे झुकले. "म्हंजी ही दसऱ्याची पूजा. अवजारांची."

"सगुणाबाई शेतकऱ्याची मुलगी. भऱ्याला दसऱ्याला विळे, खुरपी, औतं पूजतात. इथं त्या मास्तरांची वही पूजत होत्या. पण अवजारासारखी. काम चालू आहे तोवरच. नाटक पुरं झालं की वही पेटीत, पुढच्या दसऱ्याला नवी. ७० आणि ७५ च्या नाटकांमध्ये चार दसरे, पाचव्या वहीवर चार बोटं. पुढे पाच आणि पाच. पहिल्या तीन वह्यांची कव्हरं कोरी, कारण तेव्हा लग्नच झालं नव्हतं."

जुईली पायरीवरून उठली. "मग चौथी?"

"मी ती पाहिलेली नाही. पण लग्न मे ६४ मध्ये झालं आणि नाटक डिसेंबर ७० मध्ये आलं. तिच्यावर सात बोटं असणार. सर विश्रामगृहात अकरा दिवस राहिले असतील. ती वही सात वर्षं या घरात चालू होती. तुम्ही ज्यांना मौनाची वर्षं म्हणता तीच."

मास्तर खाली बघत होते. त्यांनी मान हलवली.

"आता वही कुणी नेली ते," मेधाताई म्हणाल्या. "सगळ्या वह्या जाणार हे बुधवारी ठरलं, दोन दिवसांनी दसरा. दसरा करायचा नाही असं सरांनी सांगितलेलं. वही, पेन आणि विळी एका पाटावर मांडलेली जिनं बघितलीत, आणि वाचता येत नसल्यानं जिनं नावावरून नाही, कुंकवावरून वही निवडली, अशी एकच व्यक्ती आहे. सर्वात जास्त कुंकू चौथीवर होतं."

कोणी मागे वळून पाहिलं नाही. गोजराबाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"मी चोरली न्हाई," ती म्हणाली. "पूजेला नेली. बाई जायच्या आदल्या दसऱ्यालाबी वही नव्हती तर पेन आन विळी मांडलीवती त्यांनी. एक वरीस सुतकात गेलं. औंदा मास्तर न्हाई म्हणलं. म्हणलं, आपल्या घरी मांडावं, उद्या आणून ठिवावं."

"मग आणली का नाही?" जुईलीनं विचारलं.

"तू यादी वाचलीस की. समद्या पुण्याला. तितं काचंत ठिवणार, पाटी लावणार, मास्तरांचं नाव. बाईंचं बोट कोण बघणार तितं? एक तरी हितं ऱ्हावी. म्हणलं, मास्तर सहा वह्यांत भागवतील." ती मास्तरांकडे वळली. "माजं चुकलं आसंल तर सांगा. पण इचारलं आसतं तर दिली आसती का तुमी?"

"नसती दिली," मास्तर म्हणाले.

"मंग."

ती गेली. तिचं घर तीन घरं सोडून होतं. परत आली तेव्हा हातात पाट होता आणि पाटावर खण टाकून तिन्ही वस्तू, तशाच मांडलेल्या. मेधाताईंनी वही उजेडात धरली. कोपऱ्यात सात जुनी बोटं होती आणि त्यांच्या खाली एक ताजं.

मास्तरांनी वही मांडीवर घेतली. उघडायच्या आधी ते बोलू लागले.

"तीन नाटकांत माझी माणसं भाषणं करायची आणि टाळ्या पडायच्या. मला वाटायचं, हेच नाटक. लग्न झालं. चौथंही राजावरच लिहीत होतो. एका संध्याकाळी हिला वाचून दाखवायला बसलो. ही विळीवर भोपळा चिरत होती. माझा राजा मरत होता आणि हिची विळी चालूच. मी चिडलो. म्हटलं, ऐकतेस का? तर म्हणाली, ऐकतेय की. पण मरताना माणूस एवढं बोलत नाही. माझा बाप नुसता पाणी म्हणाला."

दादासाहेबांनी खिडकीकडे तोंड केलं.

"मी चार दिवस बोललो नाही तिच्याशी. मग परत वाचायला बसलो. एका ओळीला विळी थांबली. तिला कळलंही नाही. अगदी साधी ओळ होती, दासी म्हणते, भात निवला. तेव्हापासून मी तिच्या तोंडाकडे बघणं सोडलं. विळी थांबली की समासात गोल करायचा. चालू राहिली की ते खोडायचं. सात वर्षांत राजा गेला, दरबार गेला, स्वयंपाकघर उरलं. शैलेश, तुझ्या हातात आलं ते हे."

शैलेशराव म्हणाले, "मास्तर, मग अकरा दिवस?"

"विश्रामगृहात पक्की प्रत उतरवली, तिला लागले तेवढे. एका मुलाखतीत बोलून गेलो की अकरा दिवसांत लिहिलं. ऐकायला बरं वाटलं. ही शेजारीच बसली होती. पोहे आणायला उठली."

"आणि पंच्याऐंशीनंतर तुम्ही थांबलात कशामुळे?" जुईलीनं विचारलं. तिनं वही-पेन काढलं नव्हतं.

"तिचे गुडघे गेले. ओटा बांधला. ती उभी राहून सुरीनं चिरायला लागली. सुरीचा आवाज मला कळेना. कुठं थांबते तेच समजेना. लोकांनी लिहिलं, प्रतिभा आटली. आमच्याकडे ओटा आला होता."

त्यांनी वही उघडली. पानंच्या पानं तिरप्या रेघांनी खोडलेली होती. समासात लहान लहान गोल. एका पानावर एकच. पुढची सहा पानं एकही नाही. मग एका पानावर तीन.

जुईली त्यांच्या खुर्चीशेजारी बसली आणि गोल मोजू लागली. "सर, माझं तिसरं प्रकरण पहिल्यापासून लिहावं लागेल."

"मग लिही. मी आहे अजून."

"माझ्या पुस्तकाचं काय करायचं?" शैलेशराव म्हणाले. "चाळीस पानं कापली म्हणून छापलंय. आता ती कबुली छापायला दोन पानं वाढवावी लागणार."

"वाढव. तुला बोलायची सवय आहे."

गोजराबाईनं विळी पाटावरून उचलली. "ही माज्याकडंच ऱ्हाणार," ती म्हणाली. "काचंत न्हाई जायची." कोणी हरकत घेतली नाही. वही पुण्याला जाण्याआधी तिनं मास्तरांकडून कबूल करून घेतलं की पाटीवर काय लिहायचं ते ते स्वतः सांगतील, आणि ती ते कुणाकडून तरी वाचून घेईल.

परतीच्या वाटेवर पिरंगुट जवळ आल्यावर दादासाहेबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "तुळजा भाकरी थापताना मी रेडिओ लावायचो."

मेधाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

रविवारी मास्तर पुण्याच्या सभागृहात उभे राहिले. वही हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं, कमी शब्दांत. काही लोक रडले. एका वृत्तपत्रानं लिहिलं की पत्नीच्या आठवणीनं ज्येष्ठ नाटककार हळवे झाले. दुसऱ्यानं समासातल्या गोलांचा फोटो छापला. जुईलीचा प्रबंध २००६ मध्ये मान्य झाला. पुढच्या वर्षी मास्तर गेले.

समग्र नाटकांचं पुस्तक त्या सत्काराच्या आधीच छापून झालं होतं, म्हणून त्याच्यावर एकच नाव राहिलं. दुसऱ्या आवृत्तीवर 'सांडशी' आणि पुढच्या तीन नाटकांना दोन नावं द्यायची, असं प्रकाशकांनी मास्तरांना लिहून दिलं आहे. तो कागद मेधाताईंच्या कपाटात आहे. आता २०१० उजाडलं आहे. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही.